खालपर्यंत सोडायला

रविवार, संध्याकाळ. नारपोली.

आज विक्रांत घरी येऊन गेला. फुटबॉल क्लबमध्ये मिडफिल्डला माझ्या जागेवर खेळतो, माझा गुडघा दुखावल्यापासून. पेढे आणले होते. बायको, सुजाता, खूश. "बघा, तुमच्यासाठी एवढ्या लांब भिवंडीला आला बिचारा."

बिचारा म्हणे! गुडघ्याबद्दल एक शब्द विचारला नाही त्याने. तेच खटकलं. ट्रॅफिक, शेजारच्या पॉवरलूमचा आवाज, सगळ्यावर बोलला. निघताना म्हणाला, "दादा, खालपर्यंत चला ना सोडायला."

तीन मजले, लिफ्ट नाही. तो मुद्दाम दोन पायऱ्या मागे राहिला. मी कठडा धरला नाही. हसत, गप्पा मारत उतरलो. पण बॉल पायात यायच्या आधी मागे बघून घ्यायची सवय काही जात नाही. वळून बघितलं, तर त्याची नजर माझ्या गुडघ्यावर.

कोचने पाठवलं असेल? माझ्या कॉन्ट्रॅक्टचं याच आठवड्यात ठरतंय. की मीच उगाच संशय घेतोय? सुजाता तरी तेच म्हणते. वर येताना कठडा धरून दोनदा खाली बसलो, ते तिला सांगितलेलं नाही.

दुखरा गुडघा जिना उतरतानाच कळतो, हे त्याला कुणी शिकवलं? मला तर कुणीच शिकवलं नव्हतं. माझ्या आधी या जागेवर खेळायचे त्या मोहनदादांकडे मीही असाच पेढे घेऊन गेलो होतो. मला सोडायला जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता.

मी त्याच संध्याकाळी ते कोचला सांगितलं.