तिसऱ्या रविवारचं औषध

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

कावीळ नव्हेच! पित्ताच्या नळीत गाठ आहे — कॅन्सरची. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी कागदावर नळी काढून दाखवली. इथं तुंबलंय, म्हणून ह्यांचे डोळे पिवळे. मग विचारलं, "इतके दिवस काय केलंत?" मुलगा, अरिहंत, माझ्याकडं बघत राहिला.

काय केलं? मी औषध दिलं. सासूबाईंनी जाताना माझ्या हाती सोपवलेलं काविळीचं औषध. पाला वाटून ताकातून, उपाशीपोटी, तीन रविवार. पैसा घ्यायचा नाही. हुपरीत आमच्या दारात पार गडहिंग्लजपासून माणसं येतात, मग नवऱ्याला नाही देणार? दिलं. शेवटचं सव्वीस जानेवारीला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

५ फेब्रुवारी

एका जागी बसवत नाही. वॉर्डातून जिन्यापर्यंत, जिन्यातून वॉर्डात. नर्स म्हणाली, मावशी, बसा की जरा!

८ फेब्रुवारी, शनिवार

काल दुर्बिणीतून नळीत स्टेंट बसवला — तुंबलेलं पित्त वाहतं व्हायला. आधी कावीळ उतरू दे म्हणाले, मग बघू. गाठ मोठ्या शिरेला चिकटली नसेल तर ऑपरेशन, लिव्हरच्या तुकड्यासकट काढायची. चिकटली असेल तर केमो. ऑपरेशनमध्ये बरं व्हायची आशा, केमोनं दिवस वाढतील. तोंडावर सांगितलं, बरं केलं. आता उठता-बसता एकच — चिकटलेली नसू दे!

१६ फेब्रुवारी, रविवार

परवा घरी आलो. ह्यांचे डोळे पांढरे झाले. गल्लीत एकच बोलणं — विजयमालाकाकूंच्या औषधानं उतरली! स्टेंटचं नाव कुणी घेईना. आज दारात अकरा जण. मी पाला वाटला. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. लिहितानाही लाज वाटते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चिकटलीय.

ऑपरेशन आत्ता नाही. केमो, मग पुन्हा स्कॅन. मी विचारलंच — महिनाभर आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. "नाही" म्हणाले असते तर सुटले असते. "हो" म्हणाले असते तर रडून मोकळी तरी झाले असते. हे मधलंच काय घेऊन बसू?

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, औषध बंद करते. हे चांदीच्या कामाला, पैंजणाला घुंगरू जोडत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "नगं बंद करू. लांबनं येत्यात माणसं."

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी केमोच्या फाईलसाठी आधारकार्ड शोधत होते. ह्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात सोनोग्राफीचा रिपोर्ट निघाला. जयसिंगपूरचा. नाव ह्यांचंच, आप्पासो; तारीख वीस जानेवारी. नळी फुगलीय, ताबडतोब तज्ज्ञांना दाखवा. म्हणजे तिसऱ्या रविवारचं औषध हे सगळं माहीत असून प्यायले!

का, म्हणून विचारलं.

"दारात माणसं बसलेली. त्यांच्यादेखत तुझं औषध नगं म्हणू व्हय?"

मी पाटा धुऊन भिंतीला उभा केला. रिपोर्ट घेऊन दारात गेले आणि आज औषधाला येऊन बसलेल्या सगळ्यांना तारखेसकट मोठ्यानं वाचून दाखवला.