खोलीवाल्या

लातूर, मंगळवार, रात्र

आज ग्रुपवर दिवसभर एकच विषय. पोरांच्या डॉक्टरकीच्या क्लाससाठी गाव सोडून लातुरात खोली करून राहणाऱ्या आम्हा आयांना एक नाव पायजे म्हणे. ग्रुप चालवते ती हिमायतनगरची, रोहनची मम्मी. तिचं खरं नाव मला माहीत नाही, तिलाही माझं नसेल. इथं सगळ्याच कुणाच्या तरी मम्मी.

मी लिहिलं, खोलीवाल्या. घरमालकीण आम्हाला तेच म्हणते. नळाला पाणी आलं की खालून हाक येते, "खोलीवाल्या, बादल्या भरून घ्या." मला ते बरं वाटतं. पण रोहनच्या मम्मीनं लिहिलं, "ताई, हे लई हलकं वाटतं. आपण डॉक्टरांच्या आया." त्यावर धडाधड लाल बदाम आले. परीक्षा अजून व्हायचीय, तरी तेच ठरलं. ग्रुपचा फोटोही बदलला, आता स्टेथोस्कोप आहे.

मला काय वाटलं? विशेष काही नाही. नावच तर आहे.

जेवताना माझ्या पूजाला तो फोटो दाखवला. भाकरी मोडता मोडता ती थांबली. "मम्मी, माझा नंबर न्हाई लागला तर तुला ग्रुपमधून काढतील का?"

मी म्हणाले, "जेव आधी." ती जेवली.

भांडी झाल्यावर ग्रुपवर लिहिलं, मला आपलं खोलीवालीच म्हणा. सगळ्यांनी वाचलं, बदाम एकही आला नाही.

आत्ता रोहनच्या मम्मीचा मला एकटीला वेगळा मेसेज आलाय. "ताई, तुमचं नाव काय हो?"