रोपांची माय

बाबा, केळीची रोपं अंगणात उतरवून ठेवली आहेत आणि ती लावायची की परत करायची, हे माझ्याने ठरत नाही. बोडीच्या तळ्याच्या वरच्या अंगाची आपली बांधी, जिथे तुम्ही होतात तोवर धानाशिवाय काही पेरलं नाहीत, ती मी केळीसाठी तयार केली आहे. पण ही रोपं कंदाची नाहीत. केळीचा नखाएवढा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत वाढवलेली आहेत. सगळी एका उंचीची, एका रंगाची, पानावर साधा डाग नाही. तुमचीच मुलगी मी, मला तिथेच शंका आली.

तुम्ही सहजासहजी कशावर विश्वास ठेवलाय कधी? बाजारात मीठसुद्धा चाखून घ्यायचात. कालवड विकत घ्यायला गेलात की आधी तिची माय बघायचात. ती चरायला गेली आहे असं मालक म्हणाला, तर त्याच्या गोठ्यासमोर बसून राहायचात. "माय दाखव, मंग बोलू. मायच्या थानाले हात लावल्याशिवाय मी पोरगी नाई नेत." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काल साकोलीच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेत माझ्या तोंडून तेच निघालं. "याईची माय कुठं हाये?" तिथला माणूस हसला. "ताई, माय लॅबमंधी राहते. तिची टेस्ट झाली राहते, रोगबिग काई नाई." मी म्हटलं, दाखव. त्याने मोबाइलवर घडाने वाकलेल्या केळीचा फोटो दाखवला. फोटो काय, कोणत्याही केळीचा असू शकतो. तसं बोलले, तर म्हणाला, "इतका डाऊट घेऊन शेती कशी करता हो?" तोवर गाडी भरून झाली होती, म्हणून घेऊन आले. रस्ताभर मी चिडलेली होते, त्याच्यावर आणि त्याहून जास्त तुमच्यावर.

घरी आपली माय ओट्यावर बसून रोपांकडे बघत होती. मी म्हटलं, बाबांनी ही दारातूनच परत पाठवली असती. तर म्हणते, "कायले पाठवतीन? चांदी नाई ठेवली का गोठ्यात?"

कपाळावर पांढरा ठिपका असलेली आपली चांदी. सुईने गाय भरवणारा गुरांच्या दवाखान्याचा माणूस गावात यायचा, त्याला तुम्ही गोठ्यात पाय ठेवू दिला नाहीत. "बाप कोन, गाव कोनतं, काई पत्ता नाई. नळीतला बाप मले नोको." चांदी आपल्याच सांडाची, असं तुम्ही गावभर सांगायचात. आणि माय आता सांगते आहे की तुम्ही सिहोऱ्याला लग्नाला गेला होतात, चांदीची आई माजावर येऊन हंबरत होती, आणि मायनेच त्या माणसाला बोलावून घेतलं. "तुह्या बाबाच्या सांडाच्या पोरी लोटाभर दूध द्याच्या. तुमाले पाजू काय मी?"

मला चांदीची पाठ आठवली. तिला गावठी गाईचं वशिंड आलंच नाही, पाठ विलायती गाईसारखी सपाट. लोक विचारायचे, तर तुम्ही म्हणायचात, "येईन ना, लहान हाये अजून." तिची स्वतःची वासरं झाली तरी तुम्ही तेच म्हणत होतात. अजून दिसतं मला. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवता, वशिंडाच्या जागी हात थांबतो, आणि तुम्ही मायकडे बघत नाही. मीठ चाखून घेणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल? मला आता तुमचाच संशय येतो आहे, बाबा. आणि त्या संशयाने मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मायला विचारलं, "बाबाले मालूम होतं?" ती म्हणाली, "त्याइनं इचारलं नाई. मी सांगतलं नाई."

उद्या रोपं लावते. त्या फोटोवर माझा अजूनही विश्वास नाही, आणि हा कागद तर कुठे पाठवायचाच नाही, म्हणून लिहून टाकते. परसातल्या तुमच्या केळीचा एक कंद मी बांधीच्या कोपऱ्यात लावणार आहे. कोणी विचारलं, तर बाकीची सगळी त्याचीच पिल्लं आहेत म्हणून सांगेन.