बेल-भंडारा आणि चार खोऱ्यांचं युद्ध

ती. सौ. आत्याच्या चरणी बोरीहून भरतचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं क्षेम आहे, आणि ह्या खेपेला ते रीत म्हणून लिहिलेलं नाही, खरंच आहे. तुझे गुडघे कसे आहेत? मामांचा (म्हणजे तुझ्या मालकांचा) खोकला थांबला का? पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अवसरीची निम्मी आळी ऐकत असते. घरच्या ग्रुपवर टाकावं तर ज्या दोघांबद्दल लिहायचं तेच पहिले वाचणार. म्हणून दुधाच्या गाडीवाल्या चिमाजीच्या हाती पाकीट देतोय. (चिमाजी, उघडलं असशील तर निदान नीट चिकटव.)

माझा उद्योग तुला ठाऊक आहेच. टोमॅटो पिकवून उरलेल्या वेळात मी पटावरचे खेळ खेळतो आणि ते कसे आहेत हे मोबाईलवर बोलून लोकांना सांगतो. तू त्याला ‘पुठ्ठ्याचा संसार’ म्हणतेस, आबा त्याहून वाईट म्हणतात, पण पुण्याची माणसं मला खोकी पाठवतात आणि मत विचारतात. आबांना आजवर कोणी मत विचारलेलं नाही, ते न विचारता देतात. तर मागच्या महिन्यात एका खेळाची नमुना प्रत आली. नाव ‘चार खोरी’. मोठा नकाशा, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं, मधून एक नदी, आणि सैन्याच्या सोंगट्या इतक्या की निवडायला बसलं तर शेंगा फोडल्यासारखं वाटावं. युद्धाचा खेळ आहे. हे लक्षात ठेव, कारण पुढे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

आता विहिरीचं. तुझे दोन्ही भाऊ, आमचे आबा आणि भिमानाना, सामाईक विहिरीच्या पाळीवरून बोलत नाहीत हे तुला मी काय सांगावं! भाऊबीजेला तू शेजारी शेजारी पाट मांडलेस तर दोघं पाठीला पाठ लावून बसले आणि तुला ओवाळायला प्रदक्षिणा घालावी लागली. पण त्यानंतरची प्रगती तुला कळलेली नसावी. आबांच्या पाळीला नानांनी मोटर चालवली (लाईट उशिरा आली म्हणून, असं नाना म्हणतात), तेव्हा आबांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. नानांनी त्याच कडीत आपलं दुसरं घातलं. म्हणजे एकाच्या किल्लीने पेटी उघडेना आणि दुसऱ्याची कोणी मागेना. नानांच्या द्राक्षाच्या बागेची पानं मान टाकायला लागली, माझे टोमॅटो ऐन फुलावर आलेले, फूल गळायला लागलं. विहिरीत पाणी होतं गं आत्या, काठावर उभं राहिलं की दिसत होतं. मी आबांच्या पाया पडलो. ते म्हणाले, आधी त्याला कुलूप काढू दे. नानांच्या पाया पडलो. ते हेच म्हणाले. दोघे सख्खे भाऊ आहेत याबद्दल मला तेव्हा शंका राहिली नाही.

असल्या मनःस्थितीत खेळाचं परीक्षण द्यायचं म्हणून मी गोठ्याशेजारच्या खोलीत पट मांडला. समोर नानांची ऋतिका. (पोरं बोलतात, जावाजावा परसातून कालवणाच्या वाट्या देतात-घेतात, अबोला फक्त दोन मिशांमध्ये आहे.) दुपारी नाना तिला हाक मारत आले, दारातून ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांची नजर पटावर गेली. ऋतिकाचं घोडदळ मी दलदलीत कोंडलं होतं. भावाचं, सोमाजीचं पोरगं आपल्या लेकीला हरवतंय हे बघून त्यांना राहवेना. “सरक तिकडं,” म्हणाले आणि बसलेच. ही बातमी आबांपर्यंत कोणी नेली मला माहीत नाही (आईने), पण चहा निवायच्या आत आबा माझ्या जागेवर होते आणि मी उंबऱ्यावर.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हतेच. “भरत, त्याला सांग, टेकडी माजी हाये.” “भरत, त्याला म्हणावं, टेकडीवर गवत न्हाई, काय करणार घिऊन?” असा सगळा कारभार माझ्यामार्फत. सोंगट्या कशा चालतात हे मी सांगितलं, ते दोघांनी ऐकलं नाही. सैन्य हलवायच्या आधी त्याच्या चाऱ्याची सोय बघायची, दुसऱ्याच्या हद्दीतून घोडे न्यायचे तर पीक निघाल्यावरच, असे नियम त्यांनी आपल्या मनाने लावले, आणि नवल म्हणजे त्यावर दोघांचं एकदाही भांडण झालं नाही. शेवटी घोडं अडलं नदीवर. एक काठ आबांचा, एक नानांचा, आणि पाण्यावाचून दोन्ही फौजा मरायला टेकलेल्या. मी म्हटलं, आता हल्ला करा. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच गुन्हेगार. मग म्हटलं, तह करा, तशी सोय आहे खेळात. तर नाना म्हणाले, “तह करंल, पर ह्याच्या शब्दावर माजा इस्वास न्हाई. बेल-भंडारा उचल म्हणावं.”

आत्या, खेळाच्या पुस्तिकेत बेल-भंडारा नाही. पण आबा एकदम ताठ बसले आणि त्यांनी आईला हाक मारली. आईने परसातल्या झाडाचा बेल आणला, देवाची डबी आणली. आबांनी ओंजळीत बेल आणि वर पिवळी चिमूट घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, “खंडेरायाच्यान, पाण्यात भिमाचा निम्मा वाटा. मी आडवा येनार न्हाई.” मग नानांनी उचलला. दोघांच्या हातून पटावर पिवळं सांडलं, त्यात माझं एक राज्य कायमचं रंगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो तर आबा किल्ली घेऊन उभे. थोड्या वेळाने नाना आले. त्यांच्याही हातात किल्ली. नाना माझ्यामार्फत म्हणाले, शपथ खेळातली होती. ह्यावर आबा (वर्षात पहिल्यांदा) थेट नानांकडे बघून बोलले, “देवाला काय म्हाईत पुठ्ठ्याची नदी? उचालला म्हंजी उचालला.” नानांनी आधी आपलं कुलूप काढलं. मोटर सुरू झाली, ठिबकच्या नळ्या फुगल्या, पहिल्या झाडाच्या बुडाशी माती काळी पडली. मी बांधावर बसून रडलो, तुला सांगायला लाज कसली. आता फूल टिकलं आहे, नानांची बाग सावरली आहे आणि मला रात्री झोप लागते.

परीक्षणात मी पाचपैकी दोन गुण दिले. युद्धाच्या खेळात एकही लढाई झाली नाही, तर मी तरी काय करणार? मामांना नमस्कार, तुझ्या शौर्यला आशीर्वाद.

तुझा,
भरत

ता. क. १ : आबांनी तो पट देव्हाऱ्यात ठेवला आहे आणि रोज हात जोडतात. नमुना प्रत पुण्याला परत द्यायची आहे. तुझं ते ऐकतात, तेव्हा येऊन तेवढा सोडव.

ता. क. २ : खरं काम पुढेच आहे. येताना जेजुरीवरून भंडाऱ्याची एक पुडी आण आणि ती आबा-नानांना न दाखवता आईच्या हाती दे. देवाची डबी तेव्हा रिकामी होती. आईने चुलीकडे वळून तीत मिसळणाच्या डब्यातली हळद भरली, परसातून वाटी द्यायला आलेल्या ऋतिकाच्या आईने, काकूंनी, बघितलं आणि पदराने तोंड पुसलं. मी आईला विचारलं, हे कसं गं केलंस? ती म्हणाली, “दोगं येका चटईवर बसली व्हती. भंडारा आनायला उटली असती तर परत बसली असती का? देव बघून घील माजं.”