घरातलं इमान

बाबा, तुम्ही ड्युटीवरून आल्यावर ज्या मागच्या खोलीत खाकी सदरा खुंटीला टांगायचात, तिथं आता विमानाची केबिन आहे. पंख नाहीत, शेपूट नाही, वैमानिक बसतो तेवढाच पुढचा भाग. बाकी सगळं संगणक दाखवतो, धावपट्टी, ढग, खालची शेतं. शाळेतली नोकरी संपल्यावर प्लायवूड कापून मी पहिली चौकट उभी केली, तेव्हा स्क्रीन एकच होती आणि वळायला गेलं की बाजूला घराची भिंत दिसायची. पुढं तीन स्क्रीन झाल्या, डोक्यावर बटणांची फळी आली. इंजिनांचे दांडे तर तीनदा मोडून तीनदा केले, कारण ते ढिले सरकायचे आणि हाताला जोर कळायचा नाही. सहा वर्षं खपले मी. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या, मला त्याचा अभिमान आहे आणि तो तुमच्यापुढं नाही मिरवायचा तर कुणापुढं?

तुम्ही पाहिलं होतं ते मी चहाच्या खोक्यांचं केलेलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झालीत, मी सातवीत आहे, तुम्ही मेहकर-लोणार एसटीवर ड्रायव्हर. एका संध्याकाळी डेपोतल्या फोरमनला विचारून भंगारातला स्पीडोमीटर तुम्ही माझ्यासाठी घेऊन येता, काटा चाळिसावर अडकलेला. मी तोंड वाकडं करते, तर म्हणता, "राहू दे. चाळीसच्या वर गेलं का मानसाले देव आठवते." तो मी खोक्याला तारेनं बांधला आणि शाळेच्या प्रदर्शनात नेला. तुम्ही फेरी संपवून तसेच आलात, हाताला ग्रीस, टोपी काखेत. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच पुढं झालात. "पोरीनं इमान बनवलं, सायेब. घरीच." साहेब हसले. "इमान? वा, मोठी इमानदार पोरगी आहे." मग सगळेच हसले. आणि मी, सगळ्यांच्या देखत, तणतणत म्हटलं, "बाबा, इमान नाही. विमान म्हणतात."

तुम्ही "हाव" म्हणालात आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिलात. त्यानंतर तो शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "तुह्यं ते यंत्र कुठवर आलं?" एवढंच विचारायचात. तुम्ही जाईपर्यंत यंत्रच म्हणत राहिलात. शब्द चुकला नव्हता, बाबा. आपल्याकडं सगळेच इमान म्हणतात, मीही घरात तेच म्हणायचे. मला त्या दिवशी तुमच्या ग्रीसच्या हातांची लाज वाटली, आणि राग काढला बिचाऱ्या शब्दावर.

गेल्या आठवड्यात पुण्याहून एक निवृत्त वैमानिक मुद्दाम केबिन पाहायला आले. खरी विमानं चालवलेला माणूस, म्हणून मी सकाळीच फळी दोनदा पुसून ठेवली. त्यांनी एकेक बटण दाबून पाहिलं, दांडे मागंपुढं केले, मान डोलावली. मग चकाकत्या फळीवरचा तुमचा स्पीडोमीटर दिसला. "हा बदला की. बंद आहे." मी म्हटलं, "तो वडिलांचा आहे. तो राहणार." उडायच्या आधी मी हँडलला हात लावून कपाळाला लावला, तुम्ही रोज स्टेअरिंगला लावायचात तसा. ते म्हणाले, "हे आमच्या तपासणीच्या यादीत नव्हतं." म्हटलं, "लाल गाडीच्या यादीत आहे." मेहकरावरून लोणारकडं वळलो. खाली तुमचा रस्ता दिसत होता आणि पुढं सरोवराचं गोल पाणी. ज्या वाटेनं तुम्ही उभा जन्म गाडी हाकली ती मी वरून पाहत होते, आणि माझे डोळे भरून आले.

उतरल्यावर पाहुण्यांनी खुर्चीतूनच चारी बाजूंना नजर फिरवली. मग म्हणाले, "हे सगळं तुम्ही केलंत? इथं?"

"हाव," मी म्हटलं. "इमान बनवलं. घरीच."

"इमान?" ते हसले. मी दुरुस्त केलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी कुठली? घडी करून तुमच्या स्पीडोमीटरच्या मागं ठेवते आहे. फक्त एक कबूल करते, बाबा. त्यांनी विचारलं तेव्हा जीभ आधी "वि"वरच गेली होती.