सूप आणि सुया

पनवेल, ६ फेब्रुवारी १९५८

ती. स्व. आमदारसाहेबांचे सेवेसी, मालतीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. प्रकृती बरी आहे, मुक्कामाच्या ठिकाणची आमटी पातळ असते, सगळं समजलं. आणि दमयंतीबाई फार हुशार आहेत हे तर प्रत्येक परिच्छेदात समजलं. मुंबईच्या आमदार, बॅरिस्टरांची लेक, आपल्या जामिनाच्या विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या. देऊ देत बापड्या. पण संध्याकाळी आपण त्यांना मसुदा वाचून दाखवता आणि त्या स्वेटर विणत ऐकतात, हे मला कशाला लिहिलंत? तो स्वेटर कुणाच्या मापाचा आहे, तेही लिहायचं होतं.

लग्न झाल्यापासून कोर्टातलं प्रत्येक भाषण आधी माझ्यापुढे वाचलंत. मी तांदूळ पाखडायचे, आणि माझं सूप थांबलं की आपण ते वाक्य खोडायचात. पनवेलच्या कोर्टात आपलं बोलणं शिपायालाही कळतं म्हणतात. ते कुणामुळे, हे बाईंना सांगितलंत का? मला राग आलाय, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

आता घरची बातमी. आपल्याकडे लाकडाची मोळी टाकणारी कातकरवाडीतली भागी कर्नाळ्याच्या रानात लाकूड तोडलं म्हणून धरली गेली. तान्ह्या पोरासकट कोठडीत आहे. जामीन राहायला जमीनजुमला असलेला माणूस लागतो, आणि वाडीत कुणाच्या नावावर वाफाभर जागा नाही. वीटभट्टीवाले शेठ तयार आहेत. म्हणजे त्या उपकारापोटी भागी आणि तिचा नवरा काळू पावसाळ्यापर्यंत त्यांच्या विटा फुकट थापणार. गेल्या वर्षी वाडीतल्याच साळूचं तेच झालं. बाबांनी दिलेलं उरणचं मिठागर माझ्या नावावर आहे. मी जामीन राहू का? आणि दिवाळीत आपण वाचलेलं ते वाक्य, की ज्याच्यापाशी जमीन नाही त्याला किरकोळ गुन्ह्यात त्याच्या स्वतःच्या शब्दावर सोडावं, ते लवकर कायद्यात आणा. तेव्हा माझं सूप एकदाही थांबलं नव्हतं.

माझ्या वाट्याचा लोभ शिल्लक असेल तर तो राखून ठेवावा.

आपली,
मालती

मुंबई, ९ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. मालूस अनेक आशीर्वाद.

काय गं तुझं हे! दमयंतीबाई मला मोठ्या बहिणीसारख्या. तू इथे नाहीस, मला मोठ्याने वाचल्याशिवाय सुचत नाही, म्हणून त्यांना बसवतो. स्वेटर कुणाचा ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला तेही खपलं नसतं.

भागीचं वाचून वाईट वाटलं. पण तू जामीन राहू नकोस. विधेयक तोंडावर आलंय. आमदाराच्या बायकोनेच जंगलचोर सोडवला असं विरोधक म्हणतील आणि सगळं मुसळ केरात जाईल. कायदा होईपर्यंत धीर धर.

ते वाक्य मात्र मी काढलं. वाचताना नेमक्या तिथेच बाईंच्या सुया थांबल्या. म्हटलं, इतकी शिकलेली बाई जिथे अडते तिथे सभागृह अडणारच. त्याऐवजी ‘गावातील प्रतिष्ठित गृहस्थाची हमी’ असं घातलंय. येत्या शुक्रवारी चर्चा आहे.

रागावली असलीस तरी जेवत जा.

तुझा,
तुळशीराम

पनवेल, ११ फेब्रुवारी १९५८

श्रीमती दमयंतीबाई यांस, मालतीचा नमस्कार वि. वि.

आपली ओळख नाही, तरी मी आपल्याला रोज आठवते. कशी आठवते ते लिहीत नाही.

यांची सवय आपल्याला ठाऊक नसेल. हे वाचतात तोंडाने आणि बघतात ऐकणाऱ्याच्या हाताकडे. हात थांबला की वाक्य गेलं. बिनजमिनीच्या माणसाला त्याच्या शब्दावर सोडण्याचं वाक्य आपल्या सुया थांबल्या म्हणून खोडलं गेलं. त्या का थांबल्या, एवढंच मला विचारायचं आहे. आपल्याला ते वाक्य चुकीचं वाटलं का?

आमच्याकडे गावातला प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे वीटभट्टीवाले शेठच. आज ते जामीन राहून माणसं राबवतात, उद्या कायद्याने हमी देऊन राबवतील. भागी अजून कोठडीत आहे. अंगावरच्या पोराला खोकला झालाय. मी डबा नेते तेव्हा ती विचारते, “वकीलदादांचा कायदा कवा येतंय?” मी तिला काय सांगू?

आपण थोर आहात. उत्तर आलं तर मला आपल्याविषयी थोडं बरं वाटेल.

मालती

मुंबई, १५ फेब्रुवारी १९५८

प्रिय मालतीबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग शरम वाटली. अहो, मी गळ्याचे टाके मोजत होते! मोजताना माझे हात थांबतात. ते वाक्य मला सगळ्यांत जास्त आवडलं होतं. पुढच्या प्रतीत ते दिसलं नाही, तेव्हा वाटलं, वकिलांना कायद्याची काही अडचण दिसली असेल. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. शुक्रवारी सभागृहात उभे राहून त्यांनी स्वतःच्याच विधेयकाला दुरुस्ती सुचवली. एक सभासद ओरडले की चोराला कसला आलाय शब्द. तेव्हा त्यांनी भागीचं सांगितलं, अगदी तुमच्या पत्रातल्यासारखं, पोराच्या खोकल्यासकट. विधेयक आता समितीकडे गेलं आहे. मंजूर होईल की नाही सांगवत नाही, पण तुमचं वाक्य त्यात आहे.

एक लिहू? मला तुमचा हेवा वाटतो. माझे यजमान माझी भाषणं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचतात, तीही शेअरबाजाराचं पान संपल्यावर. स्वेटर पुण्याच्या भाच्याचा आहे.

स्नेह जुळला असं मी धरून चालते.

तुमची,
दमयंती

पनवेल, १८ फेब्रुवारी १९५८

ती. स्व. आमदारसाहेबांचे सेवेसी, शि. सा. नमस्कार वि. वि.

बाईंचं पत्र आलं. बाई चांगल्या आहेत. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

समितीचं काम महिनोन्महिने चालेल, आणि भागीचं पोर तोवर थांबणार नाही. म्हणून काल मी कोर्टात जाऊन जामीन राहिले. आपण नको म्हटलं होतंत, ते ध्यानात ठेवूनच गेले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, यजमानांची परवानगी आहे का? घाईत माझ्या तोंडून माहेरची, उरणची भाषा आली. म्हटलं, “मिठागर माझा हाय, शब्दपण माझाच.” शेठ मागच्या बाकावर होते, ते उठून गेले. विरोधकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. त्यांना उत्तर देणं आपलं काम.

भागी ओसरीवर पोराला घेऊन बसली आहे. खोकला कमी आहे.

रविवारी घरी यावे आणि सगळं विधेयक पहिल्यापासून वाचावे. मात्र माझ्या हाताकडे बघू नका, थांबले तर का थांबले ते विचारा. दमयंतीबाईंनाही जेवायला आणा, मी खाडीची कोळंबी करते. सुया तेवढ्या मुंबईतच राहू देत.

लोभ आहेच. तो वाटून घ्यायची मला सवय नाही.

आपलीच,
मालती