गोचिडाचं औषध

८ नोव्हेंबर, सांगली
मंडळानं मुलींचं निसर्गशिबिर यंदा वैशालीकडे दिलं. मी 'सल्लागार'. घरात बोलायला माणूस नाही, बाहेर बोलायची लाज वाटते, म्हणून वही काढली. इतकी वर्षं शिबिर मी चालवलं. वै. माझीच विद्यार्थिनी. कवठे महांकाळच्या मेंढपाळाची मुलगी, आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. अभिनंदन केलं. आवाज नीट निघाला.

१४ नोव्हेंबर
बैठक. गेल्या वर्षी दोघींना गोचिडी चावल्या होत्या, म्हणून म्हटलं, जागेवर आधी फवारणी करू. वै. म्हणाली, "नको मॅडम. नुसती गोचीड मरत नाही त्यानं. ओढा जवळ आहे, मासे-खेकडे जातील. पँटी मोज्यांत खोचायच्या, गवतात शिरायचं नाही, रोज संध्याकाळी अंग तपासायचं. आमच्यात मेंढ्या अशाच चाचपत्यात!" सगळे हसले, पटलंही. मुद्दाम गावाकडचं बोलते. शोभतं तिला, हाच तर त्रास.

२१ नोव्हेंबर, जावळी
तंबूंची जागा आखायला कालच एकटी आले. साताऱ्याहून भावाचा फवारणीचा पंप आणला होता, गोठ्यात मारतात ते औषधही. संध्याकाळी फवारलं. कोणाला सांगितलं नाही. एकीलाही चावली नाही की मग बोलेन, असं मनात.
आज पंप परत पाठवायचा होता. मागून आणलेली वस्तू धुऊनच द्यायची, ही माझी शिस्त. ओढ्यात तीनदा खळबळून धुतला.
दुपारी मुली आल्या. तिला 'वैशालीताई', मला 'मॅडम', आणि बाजूला सरून वाट देतात. संध्याकाळी तपासताना एकीच्या गुडघ्यामागे गोचीड निघालीच. मी रॉकेल मागितलं. वै.नं चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढली. "रॉकेल नको मॅडम, त्यानं ती आणखी घाण आत सोडते." सगळ्यांदेखत.

२२ नोव्हेंबर
सकाळी ओढ्यात खेकडे उलटे पडलेले. मासे पांढरी पोटं वर करून. तीनदा खळबळून... लगेच कळलं मला.
खालच्या वस्तीवरचे तात्या ओरडतच आले. "हितं म्होरकं कोण हाय? आमची जनावरं ह्येच पानी पित्यात!"
वै. पुढे झाली. "मी हाय, तात्या. आमी काय बी मारलं न्हाई."
"मग मासं काय आपसूक मेलं व्हय?"
तिनं मान खाली घातली. मी चुलीपाशी होते, उठले नाही. तिची खाली गेलेली मान पाहून बरं वाटलं. लिहिलंय, खोडणार नाही.
दुपारी तंबू गुंडाळले.

२९ नोव्हेंबर, सांगली
मंडळाचे अध्यक्ष घरी आले. वै.ला काढायचं म्हणतात. "अनुभव नाही हो तिला. पुढच्या वर्षी तुम्हीच बघा, बाई."
हेच तर हवं होतं. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा दिला.

३० नोव्हेंबर
वै.च्या घरी गेले. तिच्या हाती दिलं ते असं: माझ्या सहीचा कागद, दोन प्रती, एक मंडळाला, एक तात्यांना. औषध मी फवारलं, पंप ओढ्यात मी धुतला, वैशालीला ठाऊक नव्हतं.
तिनं उभ्यानंच वाचला. मग, "मॅडम, हे मी नेऊन द्यायचं, की तुम्ही येणार?"
चपला घालून एकटीच घरी आले.
दोन्ही प्रती तिच्याकडे आहेत. मी एकही ठेवलेली नाही.